चिडकं आतडं आणि लेकीच्या घरचं पाणी

पोट दुखतं हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. पोट कुणाचं दुखत नाही? लाज पुढच्या गोष्टीची. माझं पोट दुखलं की दोन मिनिटांत मला जागा पाहिजे, आणि तिथून आल्यावर अर्ध्या तासानं परत पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं चारचौघांत ताटावरून उठून पळायचं म्हणजे काय शोभा. म्हणून मी बारा वर्षं सबबी सांगितल्या. फोन आलाय, उपास आहे, दाढेत कळ आहे, घरी पाहुणे यायचेत. सबब काढण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या अंबड तालुक्यात सापडणार नाही.

त्यातली एक सबब मी लेकीच्या सासरी सांगितली. ती अशी काही चिकटली की तीन वर्षं मला लेकीच्या घरी घोटभर पाणी पिता आलं नाही.

मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. उसानं भरलेलं वाहन काट्यावर चढलं की वजन घ्यायचं, ऊस खाली करून ते परत आलं की रिकामं वजन घ्यायचं, दोन्हींतला फरक तो ऊस. सीझनमध्ये ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते. रांग थांबवून काट्यावरचा माणूस उठला की ड्रायव्हर लोक जे बोलतात ते लिहिता येणार नाही. तरी मी उठायचो. कुठं गावाला जायचं म्हटलं की आधी डोक्यात हिशेब एकच, कुठल्या स्टँडवर संडास आहे, त्याला कडी आहे का, आत पाणी आहे का. जालन्यापर्यंतचं मला सगळं पाठ होतं. त्याच्या पुढं मी सहसा जातच नव्हतो.

लेक दिली टेंभुर्णीला, जाफराबाद तालुक्यात. माणसं चांगली, शेती बरी, जावई खताच्या दुकानात बसतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी आणि माझी बायको तिच्या घरी गेलो, तेव्हाची गोष्ट. नवा सोयरा बघायला त्यांच्या भावकीतली दहा-बारा माणसं अंगणात बाजेवर बसलेली. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, बाजेपासून चार पावलांवर, आणि दार पत्र्याचं. आत माणूस खोकला तरी बाहेर ऐकू यावं असं. ताटं वाढली, पुरणपोळीवर तूप पडलं, आणि इकडं माझ्या पोटात पिळा बसला. दोन घास खाल्ले असते तर माझी इज्जत त्या पत्र्यामागं गेली असती.

मी हात जोडले आणि म्हणालो, "माफी करा पाव्हणे. आमच्यात लेकीला लेकरू झाल्याबिगर तिच्या घरचं अन्नपाणी घेत न्हाईत."

हा नेम काही मी शोधून काढलेला नव्हता. जुन्या लोकांत होता, अजूनही काही घरांत पाळतात. मुलगी दान दिली, मग दान दिलेल्या घरचं खायचं कसं, असा त्याचा अर्थ. नातवंड झालं की ते बंधन सुटतं. मी फक्त तो आमच्या घराला चिकटवला.  मग व्याही म्हणाले, "असा सोयरा दिवा घेऊन हुडकला तरी सापडायचा न्हाई." म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. मला इतका मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळाला पोटाच्या भीतीनं.

परतीच्या एसटीत बायको खिडकीकडं तोंड करून बसलेली. जालना आलं तेव्हा बोलली, "आपल्यात कुठं हाये वो असा नेम? मामंजी तर नणंदबाईकडं दोन-दोन महिने मुक्काम ठोकून राहायचे. आता तुमच्या पोटापायी माझं बी पाणी बंद." मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप राहा. ती गप राहिली. त्यानंतर ती टेंभुर्णीला गेली की घरून पाण्याची बाटली आणि दशम्या बांधून न्यायची. मी तर गेलोच नाही.

पहिल्या वर्षी लेक फोन करून म्हणायची, "अण्णा, जेवू नका, पण नुसते येऊन तर जा." मी सीझन आहे म्हणायचो. सीझन संपला की ऊन आहे म्हणायचो. मागच्या साली तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात ते राहिले नाहीत. जालन्याच्या दवाखान्यात चार दिवस ती होती. बायको गेली, मी गेलो नाही. काट्यावरून सुटी मिळत नाही, असं सांगितलं.

त्यानंतर तिचा मला फोन येणं बंद झालं. आईला करायची, शेवटी "अण्णा बरे हायेत ना" एवढं विचारायची आणि ठेवायची. या म्हणणं तर तिनं सोडूनच दिलं. खरं सांगतो, मला त्यात बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. एक दिवस बायको भांडी घासता घासता म्हणाली, "पोरगी तुटून राह्यली आपल्यापासून. तुमच्यापासून तर तुटलीच." मी तिच्यावर खेकसलो. पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बायकोनंच मला धरून जालन्याला पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं. बाई डॉक्टर, माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं ठाम. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. बारा वर्षं ज्यानं मला नाचवलं ते रिपोर्टात दिसतच नाही म्हटल्यावर मला रागच आला. डॉक्टर म्हणाल्या, "याला आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही. ते फक्त चिडकं झालंय. जरा काही झालं की चिडतं."

"आतड्याचं काय घेऊन बसलात," बायको म्हणाली, "हे माणूसच चिडकं हाये."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी माझा मोबाईल मागितला. या आजारासाठी मराठीत एक ॲप तयार होत होतं, घरच्या घरी शिकायचं. सगळ्यांना देण्याआधी काही पेशंटनी ते सहा आठवडे वापरून बघायचं होतं. काय कळतं, काय कळत नाही, काय चुकलंय, ते सांगायचं. मी म्हटलं, औषध द्या, खेळणं कशाला? त्या म्हणाल्या, औषध देतेच, पण भीतीला गोळी नाही. मला भीती आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

ॲपनं पहिल्या दिवसापासून माझं डोकं फिरवलं. रोज काय खाल्लं ते यादीतून निवडायचं. यादीत ओट्स, पास्ता, ब्रोकोली. ज्वारीची भाकरी नाही, पिठलं नाही, ठेचा नाही. कांदा-लसूण काही दिवस कमी करून बघा, असं वर लिहिलेलं. म्हणजे आमच्याकडं उरलं काय, मीठ? संध्याकाळी एका बाईच्या मऊ आवाजात श्वासाचा धडा. डोळे मिटा, तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या माणसाला समुद्रावर बसवणारी ही बाई कोण? मी आपला कालव्याच्या कडेला बसायचो. सूचनांच्या रकान्यात मी लिहिलं, "भाकरी कुठंय? समुद्राऐवजी कालवा चालेल का?" दोन आठवड्यांनी यादीत भाकरी आली. माझ्या सहीनं भाकरी मंजूर झाल्यासारखं वाटलं आणि मी शेजाऱ्यांना ते दाखवूनही आलो.

पण रोज रात्री जेवणानंतर ॲप विचारायचं, आज पोट कसं होतं? खाली तीन चेहरे, हसरा, सरळ, रडका. मी रोज हसरा दाबायचो. दिवसातून सहा वेळा पळालेलो असलो तरी हसराच. यात लबाडी नव्हती बरं का. आपल्याकडं कुणी "बरं हाये का?" म्हटलं की "बरं हाये" म्हणायचं असतं. विचारणाऱ्यानं मायेनं विचारलंय, त्याच्या तोंडावर आपलं रडगाणं का मारायचं? शिवाय डॉक्टरीणबाईंनी एवढ्या विश्वासानं दिलेलं ॲप. माझ्यामुळं त्याला कमीपणा नको, असं माझं सरळ मत होतं.

तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या म्हणून गेलो. डॉक्टरांनी समोर स्क्रीनवर माझे चेहरे उघडले. सलग अठरा हसरे.

"तुम्ही तर ठणठणीत बरे दिसताय. गोळ्या कशाला?"

मी गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढं सरकवलं.

"काटा सकाळी सुरू करताना तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

"रिकामा काटा शून्यावर हाये का बघतो."

"रिकामा असताना त्यानं दोनशे किलो दाखवले तर?"

"दुरुस्त केल्याबिगर गाडी चढू देत न्हाई."

"मग मी यावर गाडी कशी चढवू?" त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "तुमचं बरं आहे असं धरून हे उद्या दुसऱ्या कुणाला देईन. तो फसेल. मला मान देऊ नका, खरं द्या."

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या काट्याला कुणी खोटं म्हटलं नव्हतं. कान गरम झाले. मी त्या रात्री रडका चेहरा दाबला. पहिल्यांदा दाबताना कुणाची तरी चहाडी करतोय असं वाटलं. दाबल्यावर ॲपनं विचारलं, काय झालं ते लिहाल का? मी अंगठ्यानं टोचत टोचत पाऊण पान लिहिलं. बारा वर्षांत मला कुणी काय झालं ते लिहा म्हटलं नव्हतं.

चौथ्या आठवड्याचा धडा होता टाळण्याचा. पोटाच्या भीतीनं तुम्ही काय काय टाळता? पाच ओळी रिकाम्या. पहिल्या चार मी पटापट भरल्या. काळीपिवळी जीप. लग्नातलं जेवण. जालन्याच्या पुढचा एसटीचा प्रवास. पंगतीत सगळ्यांच्या आधी उठणं. पाचवी ओळ भरायला मला दोन दिवस लागले. ॲप काही मागं लागलं नाही, ओळ नुसती रिकामी ठेवून बसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर जरा उसंत होती, तेव्हा मी लिहिलं, लेकीचं घर.

लिहिलं आणि मग ते वाचलं. मी तीन वर्षं सगळ्यांना नेम सांगत होतो, आणि हळूहळू मलाही तो खराच वाटायला लागला होता. इथं नेम लिहायला जागा नव्हती. पोटाच्या भीतीनं काय टाळता, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझी लेक होती. डोळ्यात पाणी आलं. ट्रॅक्टरवाला खिडकीतून म्हणाला, काय साहेब, धूळ गेली का. मी हो म्हणालो.

पुढं ॲपनं त्या पाच गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत लावायला सांगितल्या आणि एकेक करून बघायला सांगितल्या. पळवाट ठेवायची नाही, पण घाईही नाही. मी जीपनं वडीगोद्रीला जाऊन आलो. घाम फुटला, पण पोहोचलो. अंबडला एका लग्नात पंगतीला बसलो आणि दोनदा उठलो. कुणी ढुंकून बघितलं नाही. लोकांना आपापल्या जिलेबीची पडलेली असते हे मला या वयात कळलं. पोट काही जादूनं बरं झालं नाही. सहाच्या जागी चारवर आलं. पण ते दुखायला लागलं की आधी मी जो मरायचो, ते कमी झालं.

मग पाचवी गोष्ट राहिली. ॲपनं लिहिलं होतं, जिथं जायचं तिथल्या एका तरी माणसाला आधी खरं सांगून ठेवा, भीती निम्मी होते. मी लेकीला फोन लावला. पण खरं काही तोंडातून निघेना. म्हणालो, "रविवारी येऊन राह्यलो तुझ्याकडं."

पलीकडं तिनं चालू नळ बंद केला. मग म्हणाली, "कशाला?"

बापाला लेकीनं कशाला विचारावं, हे मला लागलं. "कशाला म्हणजे? भेटायला."

"बरं. या." आणि फोन ठेवता ठेवता, "आमच्याकडचं पाणी चालत न्हाई तुमाला. बाटली घेऊन या."

रविवारी एकटाच निघालो. बायको म्हणाली, मी आले तर तुम्ही माझ्या पदराआड लपताल. जालन्याच्या पुढं गाडी लागली आणि पोटात पिळा सुरू झाला. मी कानात ॲपमधली ती बाई लावली आणि डोळे मिटून कालव्यावर जाऊन बसलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, बाबा, हरिपाठ ऐकून राह्यला का? मी म्हटलं, तसंच काही.

पोहोचलो तर अंगण तेच, बाज तीच. व्याही, विहीणबाई, जावई, सगळे हजर. लेक दारात उभी. वाळली होती. जावई तांब्या घेऊन पुढं आला, तर विहीणबाईंनी त्याला थांबवलं. "पाव्हण्यांना आग्रह करू नको. त्यांचा नेम हाये." मग माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, "आम्ही तर हिला दर सणाला म्हणतो, पोरी, बापाचा नेम जल्दी फेड. बिचारे तीन वरसांपासून तहानलेले हायेत."

त्या हसल्या. त्यात काही वाईट नव्हतं, थट्टाच होती. मी लेकीकडं बघितलं. ती खाली बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ही थट्टा तिनं तीन वर्षांतल्या प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक संक्रांतीला ऐकलेली आहे. माझ्या पोटाचा पिळा मी उचलून पोरीच्या पोटावर ठेवला होता, आणि ते गाव माझी वाहवा करत होतं.

मी तांब्या घेतला आणि उभ्यानंच प्यालो. व्याही अर्धे उठले. मी म्हणालो, "नेमबिम काही नव्हता, पाव्हणे. माझं पोट खराब हाये, बारा वर्षांपासून. त्या दिवशी तुमच्या ताटावरून उठून पळायची पाळी आल्ती. लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. आमच्या बापानं लेकीकडं महिना-महिना खाल्लंय."

 विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी भावकीला तो नेम किती वेळा सांगितला असेल, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तेच म्हणाले, "मंग सांगायचं न्हाई का पाव्हणे. पोट काय, आम्हाला न्हाई का." तेवढ्यात माझं पोट खरंच आवळलं आणि मी सगळ्यांच्या देखत त्या पत्र्याच्या दाराकडं गेलो. जावयानं बादली भरून ठेवली.

परत आलो तर लेक आत चुलीपुढं भाकरी थापत होती. मी उंबऱ्याशी बसलो. वाटलं होतं, ती हसेल, मोकळी होईल. ती रागानं थापत होती.

"आईला माहीत व्हतं?"

"व्हय."

"दोघांनाबी माहीत व्हतं." भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं. "मला वाटायचं, मला लेकरू न्हाई म्हणून तुम्ही येत न्हाई. दवाखान्यात शुद्धीवर आले ना, तर पहिलं मनात काय आलं माहीत हाये? लेकरू गेलं हे नंतर आलं. आधी आलं की आता अण्णा आणखी येणार न्हाईत."

 तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "दवाखान्यात आले न्हाई, तवाबी पोटच व्हतं ना? लई दुखत असंल."

ती मला वाट देत होती. हो म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं, आणि ती दुसऱ्यांदा मागं वळून विचारणार नव्हती. 

"न्हाई," मी म्हणालो. "ते चार दिवस पोट बराबर व्हतं. एकदाबी दुखलं न्हाई. दवाखान्यात आल्यावर दुखंल, म्हणून भ्यालो."

तिचे हात थांबले. आता तिनं माझ्याकडं बघितलं. पीठ लागलेल्या मनगटानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "मंग भीत भीत यायचं, अण्णा. मीबी भ्यालेच व्हते तिथं."